ताप उतरेना, प्लीहा वाढतेच: स्टेरॉइडच्या उंबरठ्यावर सापडलेला काळा आजार

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काळ थोडा बदलला आहे. तपासण्यांचे आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत. मी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काम करते, त्यामुळे प्रकरणाची मांडणी साहजिकच स्लाइडच्या बाजूने झाली आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण पंचविशीतला, सेंट्रिंगचं काम करणारा. पुण्याच्या परिसरातल्या एका बांधकामावर, लेबर कॅम्पात राहायचा. केसपेपरवर पत्ता म्हणून कॅम्पचंच नाव होतं. महिना-दीड महिना ताप होता. कॅम्पाजवळच्या डॉक्टरांनी आधी मलेरियाची किटवरची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मग टायफॉइडसाठीची विडाल ही रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. टायफॉइड समजून सेफिक्झिम, नंतर अ‍ॅझिथ्रोमायसिन, शेवटी डॉक्सिसायक्लिन असं सगळं झालं. दोन दिवस ताप उतरल्यासारखा वाटायचा, पुन्हा चढायचा. वजन झरझर उतरलं तेव्हा मुकादम आणि मेहुणा त्याला आमच्याकडे घेऊन आले.

दाखल झाला तेव्हा ताप १०३. तरीही मेहुण्याने आणलेला डबा तो उठून बसून खात होता. वॉर्डातल्या सिस्टरांनी हे नोंदवलं होतं: "रुग्ण आजारी वाटत नाही, जेवण व्यवस्थित." टायफॉइडमध्ये किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात माणूस असा जेवत नाही. त्या वेळी मात्र या नोंदीकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

पोट तपासलं तर प्लीहा बरगडीखाली ११ सेंटिमीटर. यकृतही वाढलेलं. हिमोग्लोबिन ६.५, पांढऱ्या पेशी १,७००, प्लेटलेट ४८,०००. अल्ब्युमिन २.३ आणि ग्लोब्युलिन ५.६, म्हणजे नेहमीचं प्रमाण पार उलटं. एचआयव्ही निगेटिव्ह. रक्ताचं कल्चर दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा काही वाढलं नाही.

अडचण

मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना दोन शक्यता दिसत होत्या. एक रक्ताचा कर्करोग. दुसरी एचएलएच, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा ताबा सुटून मॅक्रोफेज पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात ती अवस्था. फेरिटिन ३,९०० आणि ट्रायग्लिसराइड ३१० आल्यावर दुसऱ्या शक्यतेचं पारडं जड झालं. अस्थिमज्जेचा नमुना घेऊन आमच्याकडे पाठवला. फॉर्मवर लिहिलं होतं: "ल्युकेमिया? एचएलएच?" बस, एवढंच.

स्लाइडवर ल्युकेमियाच्या पेशी नव्हत्या. मज्जा भरगच्च होती, प्लाझ्मा पेशी वाढलेल्या होत्या आणि मॅक्रोफेजनी तांबड्या पेशी गिळलेल्या स्पष्ट दिसत होत्या. हे फोनवर कळवलं तेव्हा वॉर्डातलं गणित पूर्ण झालं. एचएलएचसाठी वापरल्या जाणाऱ्या २००४ च्या आठ निकषांपैकी पाच लागतात. या रुग्णात सहा भरत होते: ताप, वाढलेली प्लीहा, घटलेल्या रक्तपेशी, ट्रायग्लिसराइड, फेरिटिन आणि पेशी गिळणारे मॅक्रोफेज. पुढची पायरी ठरलेली असते, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि गरज पडली तर इटोपोसाइड हे केमोथेरपीचं औषध. संध्याकाळच्या राउंडनंतर डेक्सामेथासोन सुरू करायचं असं ठरत आलं होतं.

पण त्याच दुपारी वेगळ्याच टेबलावर एक गोष्ट घडली. रुग्णाच्या खर्चाचं काय करायचं हे पाहायला समाजसेवा अधीक्षक वॉर्डात आल्या. राज्याच्या योजनेत बसवायचं तर रहिवासाचा पुरावा हवा. त्यांनी आधार कार्ड मागितलं आणि पत्ता वाचला: जिल्हा सारण, बिहार. आयुष्मान कार्ड आहे का, गावी घर कसलं आहे, घरी कुणाला असा ताप आला होता का, असं त्या विचारत गेल्या. हे प्रश्न खरं तर त्यांच्या फॉर्ममधलेच. मेहुणा म्हणाला, "भौजी को कालाजार हुआ था. दो-तीन साल पहले. सदर अस्पताल में सुई पड़ी थी." घर मातीचं, शेजारी गोठा. आणि रुग्ण पावसाळाभर भातलावणीसाठी गावीच होता, छठपूजा आटोपून पुण्याला परतला होता.

मॅडमनी हे निवासी डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी मला फोन केला: "मॅडम, मॅरोची स्लाइड परत एकदा लावाल का? एलडी बॉडीज बघायच्या आहेत." एलडी बॉडीज म्हणजे काळ्या आजाराचे परोपजीवी, स्लाइडवर दिसतात त्या रूपात.

स्लाइडवर काय होतं

बिहारमध्ये हा फोन पहिल्याच दिवशी आला असता. सँडफ्लाय या बारीक माशीच्या चाव्यातून पसरणारा काळा आजार आमच्याकडे मात्र स्थानिक नसतो. सँडफ्लाय महाराष्ट्राला नवी नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ साली सापडला तो नागपूर जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावात, आणि तोही सँडफ्लायमुळेच पसरतो. काळ्या आजाराचे रुग्ण मात्र आपल्याकडे बाहेरून आलेलेच दिसतात.

ऑइल इमर्शनखाली शेपटीच्या भागातून, म्हणजे स्मिअर जिथे पातळ होतो तिथून, सावकाश सरकत गेले. बराच वेळ काही नाही. मग एका मॅक्रोफेजच्या पेशीद्रवात सहा-सात अंडाकृती ठिपके, प्रत्येक २ ते ४ मायक्रॉनचा. नुसता ठिपका पुरत नाही. मॅक्रोफेजवर पडलेली प्लेटलेट अशीच फसवते, आणि हिस्टोप्लाझ्मा ही बुरशीही याच पेशीत याच आकाराची दिसते. फरक आत असतो. प्रत्येक ठिपक्यात एक गोल केंद्रक आणि त्याच्या बाजूला आडवी, गडद, काडीसारखी खूण. ती काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. ती दिसली की वाद संपतो. थोड्या अंतरावर एक फुटलेला मॅक्रोफेज होता, त्यातून असेच ठिपके बाहेर सांडलेले होते.

ज्या रंगाने ही स्लाइड रंगवली होती त्याच्या बाटलीवर लीशमनचं नाव असतं. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये रक्ताचा स्मिअर रोज त्याच रंगाने रंगवतात. डमडमहून इंग्लंडला परतलेल्या आणि तापाने दगावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत याच विल्यम लीशमनने हे ठिपके पाहिले आणि १९०३ साली त्यांवर लिहिलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हनला ते जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून काढलेल्या नमुन्यात दिसले. परोपजीवीचं नाव दोघांवरून पडलं: लीशमॅनिया डोनोव्हानी.

पेशीच्या आत काय चाललं होतं

स्टेरॉइडचा निर्णय ज्यावर उलटला ते समजून घ्यायचं तर हा परोपजीवी नेमका कुठे आणि कसा राहतो ते पाहावं लागतं.

सँडफ्लाय चावते तेव्हा त्वचेत लांब शेपटीचे परोपजीवी उतरतात. चाव्याच्या जागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आधी धावून येतात आणि त्यांना गिळतात. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका लीशमॅनियावर २००८ साली झालेल्या प्रयोगात उंदराच्या कानाच्या त्वचेत हे प्रत्यक्ष घडताना सूक्ष्मदर्शकाखाली टिपलं गेलं. गिळलेले परोपजीवी मरत नाहीत. न्यूट्रोफिलच मुळात अल्पायुषी, ते मरू लागले की साफसफाईला मॅक्रोफेज येतात आणि परोपजीवी त्यांच्या हाती लागतात.

मॅक्रोफेजमध्ये शिरण्याची वाटही निवडलेली असते. रक्तातली पूरक प्रथिनं परोपजीवीवर चिकटतात. एरवी ती त्याला फोडतात. पण त्याच्या अंगावरचं जीपी-६३ हे विकर त्या प्रथिनाचा एक तुकडा कापतं. कापलेलं प्रथिन मॅक्रोफेजच्या ज्या ग्राहकाला जुळतं, त्या वाटेने काही आत घेतलं तर पेशी फारशी भडकत नाही. मारक ऑक्सिजनचा मारा कमी होतो आणि टी पेशींना जागं करणारा इंटरल्युकिन-१२ चा निरोपही जात नाही.

आत गेल्यावर पुढचा धोका लायसोसोमचा, म्हणजे आम्ल आणि पाचक विकरांनी भरलेल्या पिशवीचा. परोपजीवीच्या पृष्ठभागावरचा लायपोफॉस्फोग्लायकन हा रेणू ती पिशवी जोडली जाण्याचं काम लांबवतो. तेवढ्या वेळात शेपूट आखडून तो गोल रूप धारण करतो. या गोल रूपाला आम्ल मानवतं. मग पिशवी जोडली गेली तरी बिघडत नाही. ज्या भट्टीत त्याला जाळायचं तिथेच तो बिऱ्हाड मांडतो.

टी पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा आला तर मॅक्रोफेज अजूनही त्याला मारू शकतो. ही सूचना आत पोचवणारी संदेशसाखळी परोपजीवी मंद करतो, तीही मॅक्रोफेजच्याच एका विकराला चेतवून. शिवाय शरीरात पेशींना शांत ठेवणारं इंटरल्युकिन-१० वाढलेलं असतं. बिहारच्या रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून हे इंटरल्युकिन-१० निष्प्रभ केलं तर परोपजीवींची संख्या घटते, असं दिसलं आहे. म्हणजे मारण्याची ताकद पेशीत असते, ती वापरायची मुभा नसते.

आणि प्रतिपिंडं? ती तर अमाप तयार होतात. ग्लोब्युलिन ५.६ झालं ते त्यामुळेच. पण शत्रू पेशीच्या आत आणि प्रतिपिंडं बाहेर. उलट प्रतिपिंड चिकटलेला परोपजीवी नव्या मॅक्रोफेजमध्ये गेला की ती पेशी आणखी इंटरल्युकिन-१० सोडते, असं उंदरांच्या पेशींवर दाखवलेलं आहे. या अंदाधुंद प्रतिपिंडांमुळे इतर रोगांच्या रक्ततपासण्याही खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. सुरुवातीची विडाल त्यातलीच असावी. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये याला तशीही दुसरी पुष्कळ कारणं आहेत.

सहा निकषांचा अर्थ इथे बदलतो. फेरिटिन, गिळलेल्या पेशी, घटलेलं रक्त, हा सगळा गोंगाट मॅक्रोफेज आतून भरून गेल्याचा होता. आधीच गप्प बसवलेल्या पेशींवर स्टेरॉइड दिलं असतं तर ताप कदाचित उतरला असता, आकडेही सुधारले असते, आणि आत परोपजीवीला मोकळं रान मिळालं असतं.

समोरचे पर्याय

एलडी बॉडीज दिसल्यावरही सगळं सरळ नव्हतं.

एक मत असं होतं की एचएलएच आहेच, मग ते संसर्गामुळे का असेना; डेक्सामेथासोन आणि परोपजीवीवरचं औषध दोन्ही एकदम द्यावं. या मताला वजन होतं. एचएलएच झपाट्याने बिघडतं आणि वाट पाहणं अंगाशी येऊ शकतं. दुसरं मत फक्त परोपजीवीवर औषध द्यायचं. काळ्या आजारातून उद्भवलेलं एचएलएच लायपोसोमल अँफोटेरिसिन या परोपजीवीवरच्या औषधावरच आटोक्यात आल्याचे अनुभव, विशेषतः लहान मुलांतले, पुष्कळ नोंदलेले आहेत.

मध्यम मार्ग निघाला. अँफोटेरिसिन लगेच सुरू करायचं. स्टेरॉइड राखून ठेवायचं, पण कधी द्यायचं हे आधीच लिहून ठेवायचं: शुद्ध हरपू लागली, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन घसरलं, किंवा तीन दिवसांत तापात काहीच फरक दिसला नाही तर. ही अट केसपेपरवर लिहिली गेली हे मला या प्रकरणातलं सर्वात चांगलं काम वाटतं. रात्री ड्यूटीवर येणाऱ्या डॉक्टरला नव्याने घाबरून निर्णय घ्यावा लागला नाही.

प्लीहेतून नमुना घ्यायचा का, हाही प्रश्न आला. त्यात परोपजीवी सापडण्याचं प्रमाण मज्जेपेक्षा बरंच जास्त, पण ४८,००० प्लेटलेटवर प्लीहेत सुई घालणं म्हणजे विकतचं दुखणं. मज्जेत दिसलं होतं, म्हणून तो विचार सोडला. काळ्या आजाराची प्रतिपिंडं शोधणारी आरके-३९ ही पट्टीवरची तपासणी आमच्याकडे नव्हती. ती दुसऱ्या संस्थेतून मागवली, पॉझिटिव्ह आली. ही तपासणी बरं झाल्यावरही अनेक वर्षं पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे आधी आजार होऊन गेलेल्या माणसात तिचा उपयोग नाही. या रुग्णाला तो आधी झालेला नव्हता.

मात्रेचा प्रश्न त्याहून अवघड होता. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१४ पासून किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधल्या चाचणीत या एका डोसने सहा महिन्यांनंतर सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे राहिले होते. दुसरीकडे काही मार्गदर्शक सूचनांत किलोमागे एकूण २१ मिलिग्रॅम तीन आठवड्यांत विभागून सांगितले आहेत. एचएलएच असलेल्या रुग्णाला जास्त द्यावं असं एका वरिष्ठांचं मत होतं. विरुद्ध बाजूला साधी गोष्ट होती: बरं वाटायला लागलं की हा मुलगा कामावर जाणार, तीन आठवडे हाती लागणार नाही. एक डोस आणि त्यानंतर दहा दिवस दाखल, असं ठरलं.

काय केलं

वजन ४४ किलो, म्हणजे ४४० मिलिग्रॅम, ५० च्या नऊ कुप्या. हे औषध सलाइनमध्ये चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. हे सिस्टरांना सांगावं लागलं नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत याच औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावभर फिरत होते आणि ते कसं द्यायचं हे वॉर्डाला तेव्हापासून पाठ आहे. आधी चाचणीपुरता थोडा डोस, मग दोन तासांत उरलेला. थंडी वाजली, पॅरासिटामॉलवर निभावलं. रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिलं. रक्ताची एक पिशवी चढवली. पांढऱ्या पेशी इतक्या कमी होत्या की अँटिबायोटिकही चालू ठेवलं.

हेच औषध इथे का चालतं, हे सांगायला मला आवडतं. अँफोटेरिसिन परोपजीवीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं आणि त्याला भोकं पाडतं. माणसाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं. पण औषध परोपजीवीपर्यंत पोचवायचं कसं? ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं असतं. रक्तात परकी गोळी दिसली की ती गिळणं हे मॅक्रोफेजचं कामच, विशेषतः यकृतात, प्लीहेत आणि मज्जेत. परोपजीवी ज्या खोडीचा फायदा घेऊन आत शिरला त्याच खोडीने औषध आत जातं.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी ताप १०० च्या खाली आला, पाचव्या दिवशी गेला. स्टेरॉइडची वेळ आली नाही. दहाव्या दिवशी फेरिटिन १,१०० आणि प्लेटलेट लाखाच्या वर. महिन्याने तपासायला आला तेव्हा प्लीहा बरगडीखाली ४ सेंटिमीटर होती. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवलं होतं, त्यांनी सारणला कळवलं. गावातल्या घरांवर कीटकनाशक फवारणी झाल्याचं मेहुण्याने नंतर फोनवर सांगितलं.

सहा महिन्यांनी तो ठणठणीत होता. काळ्या आजारात पूर्ण बरं झाल्याची मोहर सहा महिन्यांनीच बसते.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. सुमारे सव्वा वर्षाने त्याच्या हनुवटीवर आणि तोंडाभोवती फिकट डाग आले. खाज नाही, दुखणं नाही. औषधाच्या दुकानातून गजकर्णाचं मलम घेऊन झालं. दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांना कुष्ठरोगाची शंका आली, पण डागांवरची संवेदना शाबूत होती. अखेर त्याला खिशातलं कार्ड आठवलं. घरी सोडताना समाजसेवा अधीक्षकांनी ते हिंदीत लिहून दिलं होतं: आजाराचं नाव, औषध, तारीख, आणि खाली, "चेहरे या शरीर पर सफेद दाग आएँ तो यह कार्ड दिखाएँ." ते पाहून डॉक्टरांनी पुढची तपासणी केली. निदान पीकेडीएल, म्हणजे काळ्या आजारानंतर त्वचेत उरणारा संसर्ग. भारतात बऱ्या झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना तो होतो. रुग्ण सारणला गेला, डोळे तपासून घेतले आणि तिथल्या आरोग्य केंद्रातून मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे घेतल्या.

डागांचा त्याला स्वतःला त्रास नव्हता. गोळ्या महत्त्वाच्या होत्या त्या गावासाठी. भारतात या परोपजीवीचं माणसाखेरीज दुसरं ठाणं नाही, आणि त्वचेतल्या मॅक्रोफेजमध्ये बसलेला परोपजीवी चावणाऱ्या सँडफ्लायला सहज मिळतो. बांगलादेशातल्या एका अभ्यासात पीकेडीएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांकडून माश्यांना संसर्ग झाला होता.

वेगळं काय करता आलं असतं

आधारचा पत्ता दाखल होतानाच लिहिला गेला असता तर निदान चार-पाच दिवस आधी झालं असतं. केसपेपरवर "सध्याचा पत्ता" एवढाच रकाना आहे. मूळ गाव, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षभरात कुठे-कुठे राहिला, हे विचारायची जागाच नाही. मॅरोच्या विनंती फॉर्ममध्ये आम्ही आता ती ओळ घातली आहे. निवासी डॉक्टर ती निम्म्या वेळा कोरी सोडतात.

ग्लोब्युलिन ५.६ पाहून तरी वेगळा विचार व्हायला हवा होता. संसर्गाशिवाय झालेल्या एचएलएचमध्ये ते सहसा एवढं वाढत नाही. जेवणारा तापकरी, प्रचंड प्लीहा आणि उलटं झालेलं प्रथिनांचं प्रमाण, या तीन गोष्टी एकत्र असल्यावर एचएलएचचे निकष मोजायच्या आधी संसर्ग शोधायला हवा. निकष काय झालंय ते सांगतात, कशामुळे ते नाही.

एकच डोस देण्याच्या निर्णयाबद्दल विभागात अजून मतभेद आहेत. पीकेडीएल झालं म्हणून डोस कमी पडला, असा एक सूर आहे. मला तो पटत नाही, कारण पूर्ण उपचार झालेल्यांतही ते होतं आणि सहा महिन्यांनी मूळ आजाराचा मागमूस नव्हता.

आरके-३९ च्या पट्ट्या आता आमच्याकडे ठेवल्या आहेत. पहिला डबा एकही पट्टी न वापरता मुदत संपून गेला. भारतातल्या सगळ्या बाधित तालुक्यांत दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे लक्ष्य २०२३ मध्ये गाठलं गेल्याचं जाहीर झालं आहे, तेव्हा पुढचा डबाही तसाच जाण्याची शक्यता जास्त. भांडार विभागाने दुसऱ्या मागणीवर शेरा मारला आहे: "वापर शून्य, समर्थन द्यावे." समर्थन म्हणून याच प्रकरणाची प्रत जोडून पाठवली आहे.